सुईचं टोक

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार सरकलं आणि दिशा आपल्या मुलीला घेऊन आत आली. प्रांजल चार वर्षांची. तिच्या अंगात नवा फ्रॉक होता, पिवळा, खिशावर पांढरं बदक. "काकू, बघा ना हिचा हट्ट," दिशा म्हणाली. "दिवाळीला चार दिवस आहेत, पण बाईसाहेबांना आजच घालायचाय. तुमच्याच कंपनीचा आहे हां! घाटकोपरला घेतला. झकास आहे ना?" दर्शना हसली. बदकाकडे बघून हसायचंच असतं. मग तिची नजर बदकावरून फ्रॉकच्या घेरावर गेली आणि हसू ओठांवर तसंच राहिलं, आतून निघून गेलं. हा पिवळा हळदीसारखा नव्हता. हा किंचित हिरवट होता, पिकायला आलेल्या पेरूच्या सालीसारखा. दुसऱ्या कुणाला हा फरक दिसला नसता. दुकानदाराला नाही, दिशाला नाही, कदाचित रंगवणाऱ्यालाही नाही. पण कंपनीचा सगळा माल कुठून आला, कुठल्या रॅकवर आहे, कुठे जायचाय हे सांभाळणं हेच दर्शनाचं इतक्या वर्षांचं काम होतं. तो पेरूचा पिवळा कंपनीच्या भांडुपच्या गाळ्याबाहेर असायलाच नको होता. तेवढ्यात प्रांजलने कमरेपाशी हात नेला, शिवणीवरून खाजवलं आणि नाक मुरडून म्हणाली, "मम्मा, टोचतंय." दिशा म्हणाली, "नवीन आहे ना, टोचणारच. धुतल्यावर मऊ होईल." लिफ्ट खाली पोचली. दोघी बाहेर पडल्या. फाटकाकडे जाताना प्रांजल उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला फ्रॉकचा घेर फुलून खाली बसत होता. दर्शना लिफ्टमध्येच उभी राहिली. दार बंद झालं. वर कुणीतरी बटण दाबलं असावं, लिफ्ट तिला घेऊन पुन्हा वर निघाली आणि आपण खाली कशाला आलो होतो हे तिला काही केल्या आठवेना.

शिवणयंत्राची सुई मोडते तेव्हा काय करायचं असतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. घरी मोडली तर आपण नवी लावतो. पण जिथे लहान मुलांचे कपडे शिवले जातात तिथे सुई मोडली की यंत्र थांबतं. शिवणाऱ्या बाईने हात वर करायचा. मग तिच्या भोवतीचं सगळं काम बंद. सुईचे तुकडे शोधायचे, जमिनीवर, यंत्राच्या पोटात, कपड्याच्या घडीत. सापडलेले तुकडे एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने एकाखाली एक लावायचे आणि ते जोडून सुई पुरी होते का ते बघायचं. पुरी झाली तरच नवी सुई मिळते. नाही झाली, तर त्या वेळी जवळपास असलेले सगळे कपडे बाजूला काढायचे, कारण हरवलेला तुकडा त्यांतल्या कशातही असू शकतो. दसऱ्याच्या आधी चंपाची सुई अशीच मोडली होती. चंपा वीस वर्षं शिवणारी, हात मोजून चालणारा. तिने स्वतः गुडघे टेकून फरशी चाचपली, ओढणीने पुसली, झाडूतला कचरा कागदावर पसरून बघितला. सुईचा दांडा मिळाला, मधला भाग मिळाला, टोक मिळालं नाही. नखाच्या कडेएवढं टोक. त्या दिवशी चंपाच्या ओळीत एकाच ताग्यातलं कापड चालू होतं, तोच पेरूसारखा उतरलेला पिवळा. त्यातले झाडून सगळे फ्रॉक दर्शनाने आपल्या देखत एका रॅकवर लावले आणि रॅकच्या दांड्याला लाल कापडाची पट्टी बांधली. लाल पट्टी म्हणजे हात लावायचा नाही. लोखंडाचा कण ओळखणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. ते आलं की एकेक फ्रॉक त्यातून काढायचा, असं ठरलं होतं.

लिफ्ट आठव्या मजल्यापर्यंत जाऊन पुन्हा तिच्या मजल्यावर आली तेव्हा ती उतरली. तिने घराचं दार उघडलं. आत हॉलमधल्या पलंगावर आई बसली होती, पाय खाली सोडून, पावलं फरशीवर टेकवून, खिडकीकडे तोंड करून. आईचे डोळे आता उजेड आणि सावली एवढंच सांगतात. "इलंस? रांगोळी हाडलंस?" आईने विचारलं. रांगोळी. हो, रांगोळीच आणायची होती. "आणते नंतर," दर्शना म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने मुकुलला फोन लावला. मुकुल माल बाहेर पाठवण्याचं बघतो. आज रविवार असला तरी दिवाळीमुळे गाळा चालू होता. मागे चिकटपट्टी ओढल्याचे चर्र चर्र आवाज येत होते. "बोला मॅडम!" तो ओरडला. "सुट्टीच्या दिवशी पण चैन नाही ना तुम्हाला?" "मुकुल, भिंतीकडच्या रॅकवर पिवळे फ्रॉक आहेत का, बघून सांग." "बघायला कशाला पाहिजे, समोरच दिसतायत. फुल्ल रॅक आहे." तिने डोळे मिटले. श्वास पोटापर्यंत गेला. आहेत. रॅक भरलेला आहे. प्रांजलचा फ्रॉक दुसरा असेल, लिफ्टच्या दिव्यात रंग बदलतात. मग तिने विचारलं, "रंग कसा आहे?" "पिवळा म्हणजे पिवळा, यार... सॉरी मॅडम. पिवळा." "हळदीसारखा का?" "हो, हळदीसारखाच एकदम." "नीट बघ. हिरवट नाही?" "नाही हो. त्यात थोडे हिरवट होते ते पहिल्या टेम्पोत गेले ना. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. तुम्हीच तर म्हणालात, दिवाळीआधी बदक सगळं काढा म्हणून." "त्या रॅकला लाल पट्टी होती, मुकुल." पलीकडे चर्र चर्र थांबलं. "पट्टी?" तो म्हणाला. "नव्हती मॅडम. म्हणजे... होती, पण ती तोरणाला बांधली ना आपण. तुम्हीच दिली होती मला."

खंडेनवमीचा दिवस तिला आठवायची गरज नव्हती, तो समोर येऊन उभाच राहिला. सकाळपासून गाळा धुतला होता. रॅक ओढून मधे आणले होते, जमीन ओली, साबणाचा आणि झेंडूचा वास एकात एक मिसळलेला. यंत्रांना हळदकुंकू लावलं होतं, कात्र्या पाटावर मांडल्या होत्या. त्या दिवशी कात्रीला कुणी हात लावत नाही, सुईलाही नाही. शिडीवर चढलेला मुकुल आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण एका हाताने धरून ओरडत होता, "मॅडम, काहीतरी द्या ना बांधायला! सुटतंय हे!" सुतळी संपली होती आणि कापायला कात्री घ्यायची नव्हती. ती नव्या साडीत, हातात पेढ्यांचा बॉक्स, रॅकशेजारी उभी होती. तिची बोटं आपोआप दांड्याकडे गेली, गाठ सुटली आणि तिने ती लाल पट्टी वर मुकुलच्या हातात दिली. एवढंच. त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. उलट शोभली होती ती पट्टी हिरव्या पानांत. पूजा झाली की दुसरी बांधू, असं तिच्या मनात नक्की आलं होतं. मग आरती झाली, मालक सहदेवशेठनी नारळ फोडला, सगळ्यांचा फोटो निघाला. त्या फोटोत दाराच्या वर पट्टी स्पष्ट दिसते. तिने तो फोटो आईलाही दाखवला होता, आईला दिसणार नाही हे माहीत असून. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी कुणीतरी रॅक जागेवर ढकलले आणि सारखेच दिसणारे दोन रॅक एकमेकांच्या जागी उभे राहिले.

आणि ती रोज सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघत होती. पडद्यावर त्या फ्रॉकांपुढे 'थांबवलेला माल' असं लिहिलेलं होतं आणि ते वाचून तिला बरं वाटत होतं. गाळ्यात जाऊन हात लावून बघायचं तिला सुचलं नाही. यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हाही दिवाळीचा माल आधी, हे थांबलेले नंतर, असंच तिने ठरवलं. दोन्ही रॅकवर तोच फ्रॉक, तीच मापं, तोच नंबर. त्यामुळे पेरूचे गेले आणि हळदीचे राहिले, तरी एकूण बेरीज बरोबर. नवीन मुलं कामावर आली की तिला त्यांना शिकवायला आवडायचं. कागदाची पानं, पेन, चहाचे कप मांडून ती समजवायची की बेरीज बरोबर आली म्हणून माल बरोबर असतो असं नाही, रॅकपाशी जायचं, हात लावायचा. मुलं माना डोलवायची. आता ओट्याला टेकून उभं असताना तिला ते आपले शब्द ऐकू येत होते, दुसऱ्याच कुणा बाईचे असावेत तसे, शांत, समजूतदार. आणि त्यामागून प्रांजलचा आवाज येत होता. टोचतंय. टोचतंय म्हणजे कुठे? कमरेच्या शिवणीत. कमरेची शिवण दुहेरी असते. टोक तिथे अडकलं तर आठवडाभर आडवं पडून राहील, आणि मग एक दिवस मूल धावताना वळेल, कुणीतरी त्याला काखेत हात घालून उचलेल, घट्ट मिठी मारेल. मिठीनेच आत जाईल ते. तिच्या स्वतःच्या कमरेला, साडीच्या निऱ्यांखाली, काहीतरी टोचलं. तिने हात लावून बघितलं. काही नव्हतं.

लहानपणी भांडुपच्या टेकडीवरच्या खोलीत आई साड्यांना फॉल लावायची. खोली एकच. तीत चार मुलं, दुसऱ्यांच्या साड्या आणि आईची एक सुई. सुई हातातून निसटली की आई पहिली गोष्ट काय करायची, तर बोंब मारायची. "सुई पडली! कोणी पाय हलवू नको!" एवढ्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतली मुलंसुद्धा होती तिथे थांबायची. दर्शना आणि भावंडं पाय वर घेऊन खाटेवर बसायची, नाहीतर एका पायावर बगळ्यासारखी उभी राहायची. मग आई जमिनीला गाल लावून उजेडाच्या बाजूने बघायची, तळहात सपाट करून शेणाच्या जमिनीवरून हळूहळू फिरवायची. एकदा धाकट्या भावाने विचारलं होतं, आधी गुपचूप शोधून बघ ना, कशाला ओरडतेस, सगळे हसतात. आई म्हणाली होती, "हसूंदे. मी सोधतंय तवसर कोणाच्या तरी पायात गेली तर?" शेजारची एक म्हातारी सांगायची की सुई अंगात गेली की रक्ताबरोबर फिरते, फिरत फिरत काळजापर्यंत जाते. ते खरं की खोटं हे दर्शनाने मोठेपणी कधी विचारलं नाही. पण रात्री झोपताना ती छातीवर हात ठेवून वाट बघायची, आणि त्या वयाची ती भीती संपली असं तिला वाटत आलं होतं. संपली नव्हती. ती फिरत फिरत आज इथवर आली होती.

खालून मुलांचा आवाज आला. ती बाल्कनीत धावली. दिशा आणि प्रांजल परत येत होत्या. प्रांजलच्या हातात फुगा. वॉचमनने तिला गमतीने उचललं आणि दर्शनाच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त कठडा हाताला गार लागला. मग ती जिन्याने खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने खरं बोलायचं ठरवलं होतं. दार उघडल्यावर वेगळंच बाहेर पडलं. "दिशा, तो फ्रॉक दे गं. त्या लॉटचा रंग जातो. मी बदलून देते, दिवाळीआधी नक्की." "अय्या! बरं झालं सांगितलंत काकू, माझी सगळी धुणी पिवळी झाली असती." प्रांजल भोकाड पसरणार होती. दर्शना गुडघ्यावर बसली, "बदकाला अंघोळ घालून आणते हं," म्हणाली आणि फ्रॉक तिच्या डोक्यावरून काढताना शिवण अंगापासून दूर धरण्यासाठी तिने आपली बोटं मधे घातली. मुलीच्या कमरेवर बारीक लाल रेघ होती. रेघच, टोचल्याचं भोक नव्हतं. की होतं? प्रांजल गुदगुल्या झाल्यासारखी हसली आणि आत पळाली.

घरी येऊन तिने फ्रॉक आईच्या पलंगावर उजेडात पसरला. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून शिवणीवरून फिरवलं, हळू, परत हळू. चुंबक कुठे ओढ घेतंय असं वाटलं की हात थांबायचा, मग कळायचं की ओढ आपल्याच मनगटात आहे. तिने शिवण उसवली. घेराची, कमरेची, बाह्यांची, खिशाची. बदक सुटून एका धाग्यावर लोंबू लागलं. कमरेत आतल्या बाजूला मापाचं लेबल होतं, नायलॉनचं, आणि त्याचा एक कोपरा वितळून टणक झाला होता. तो बोटाला टोचला. हाच. हाच टोचत होता. लेबलचा कोपरा! ती मोठ्याने हसली, हुंदक्यासारखं. सगळ्या चिंध्या पुन्हा चाचपल्या. सुई नव्हती. हात पाय मोकळे झाले, घशाला तहान जाणवली, बाहेर कुणीतरी आकाशकंदील लावताना भांडत होतं तेही ऐकू आलं. पाणी प्यायला ती उठली आणि ग्लास तोंडाशी नेताना थांबली. या फ्रॉकमध्ये नाही. म्हणजे बाकीच्यांपैकी एकात आहे. जेवढे निर्दोष निघतील तेवढं ते टोक उरलेल्यांत जवळ येत जाणार. प्रांजल सुटली म्हणजे दुसरी कुणीतरी, जिचं नाव दर्शनाला माहीत नाही, जिची आई आत्ता म्हणत असेल, नवीन आहे ना, टोचणारच. बोरिवलीत, मुलुंडात, आणखी कुठे, बदकाचा फ्रॉक घातलेल्या मुली उड्या मारत होत्या आणि त्या सगळ्या तिला एकदम दिसल्या, चेहऱ्यांशिवाय.

तिने सहदेवशेठना फोन लावला आणि न थांबता सगळं सांगितलं. पट्टीसकट.  ते म्हणाले, "ताई, तुम्ही आधी बसा. पाणी प्या. ते टोक झाडूत गेलं असेल. चंपाच्या चपलेला लागून गेलं असेल. खालच्या गटारात असेल. कपड्यात आहे असं कुणी बघितलंय?" "नाही." "मग? दिवाळी तोंडावर असताना दुकानदारांना सांगायचं, आमच्या मालात सुई आहे? वाट लागेल आपली. परत कोणी दारात उभं करेल का? पन्नास बायका शिवतात इथे, ताई. दिवाळी जाऊ द्या. दिवाळीनंतरच्या सोमवारी गुपचूप माल बदलून घेऊ. रंग जातो म्हणून सांगू." रंग जातो. तेच वाक्य, जे तिने तिसऱ्या मजल्यावर उच्चारलं होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकताना तिला ते किती सोपं आहे हे कळलं. ते वाईट माणूस नव्हते. चंपाच्या मुलीच्या बाळंतपणात त्यांनीच गाडी पाठवली होती. ते फक्त 'असेल' म्हणत होते, आणि त्या 'असेल'मध्ये दोघांनाही बसायला जागा होती, निवांत, दिवाळी होईपर्यंत. "ताई, ऐकताय ना? तुमच्याही नोकरीचा विचार करतोय मी. पट्टी तुम्ही काढलीत. मी कुणाला सांगणार नाही." "बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हॉलमध्ये आली तेव्हा आई पलंगावर चाचपत होती. तिच्या हाताला उसवलेल्या कापडाचे तुकडे लागले होते. ती ते दोन बोटांत धरून ओळखू बघत होती. "ह्या काय गो? कोणाचा झबला फाडलंस?" "काही नाही आई. शोधत होते." "काय सोधतंस?" दर्शनाला खोटं सुचलं नाही. इतकी दमली होती ती. "सुई," ती म्हणाली. म्हातारीचं सगळं अंग एकदम ताठ झालं. फरशीवर टेकलेली पावलं तिने उचलली, एकेक करून, गुडघ्यांना हाताचा आधार देत पलंगावर घेतली आणि पदर सावरून मांडी घालून बसली. चाळीस वर्षं मधे गेलीच नव्हती. दिसत नसलेले डोळे तिने जमिनीकडे लावले आणि विचारलं, "बोंब मारलंस?" दर्शना चिंध्या गोळा करू लागली. "गे, तुका विचारतंय. सगळ्यांका सांगलंस काय? पोरां खेळतत थंय भायर." "नाही आई." "मगे काय कपाळ सोधतंस? आधी बोंब मार. मगे सोध."

 दर्शना जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर गेली. दिशाने दार उघडलं तेव्हा तिच्या हातांना चकलीचं पीठ लागलं होतं. "दिशा, मघाशी मी खोटं बोलले. रंग जात नाही. त्या फ्रॉकांपैकी एकात सुईचा तुकडा असू शकतो. प्रांजलच्या फ्रॉकमध्ये नाही, मी उसवून बघितला. पण तिची कंबर एकदा डॉक्टरांना दाखव. चूक माझी आहे." दिशाचं तोंड उघडंच राहिलं, मग हळूहळू मिटलं.  वळून तिने प्रांजलला जवळ ओढलं आणि तिचा परकर जरा खाली सरकवून कंबर बघू लागली, पिठाच्या हातांनीच. पुन्हा मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ती नेहमीची दिशा नव्हती. "मघाशी का नाही सांगितलंत, काकू?" एवढंच तिने विचारलं आणि दार लावून घेतलं. त्या बंद दारासमोर दर्शनाला वाटलं की अशी दारं आता पुष्कळ लागतील, आणि लागू देत असंही वाटलं नाही. भीतीच वाटली, मघापेक्षा जास्त. पण पाय वर चढू लागले.

पलंगाशेजारी खुर्ची ओढून ती बसली. दुकानदारांचे नंबर तिच्या फोनमध्ये होतेच, मापं आणि रंग विचारायला तेच तिला फोन करायचे. पहिला घाटकोपरचा. मागे गिऱ्हाइकांचा कालवा होता. "बोला मॅडम, बदक सुपरहिट आहे! अजून पाठवा की," भाऊराव म्हणाले. ती म्हणाली, "भाऊराव, बदकाचा फ्रॉक विकू नका. एकही नाही. जे विकले असतील त्यांना फोन करा, दारावर कागद लावा. कपड्यात सुईचं टोक असू शकतं." "काय? गर्दी आहे, ऐकू नाही आलं, मोठ्याने बोला!" तिने डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं, एवढ्या मोठ्याने की खाली कंदील लावणारे भांडायचे थांबले. मग मुलुंड. मग बोरिवली. एकजण शिव्या देत होता, एकीने रडायला सुरुवात केली कारण तिने आपल्याच भाचीला दिला होता. मधे मधे सहदेवशेठचं नाव पडद्यावर उजळत होतं आणि विझत होतं. ते टोक कुठे होतं? अजूनही कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी शिवणीत, किंवा खरंच गटारात. हे कधीच कळणार नाही असंही होईल. उन्हं पलंगावरून भिंतीवर गेली. "गावली काय गो?" आईने विचारलं. "नाही अजून." "बरा," म्हातारी म्हणाली. तिचे गुडघे दुखत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिने पाय खाली सोडले नाहीत. "गावासर मी अशीच बसतंय." दर्शनाने पुढचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.